उसण भरलेल्या कमरेने पोळ्या लाटाव्यात का?

पत्र (थोडं आटोपशीर करून)

मॅडम, सप्रेम नमस्कार. मी बडोद्याच्या कारेलीबागेत राहते, वय ४७. बऱ्याच वर्षांपासून घरून पोळी-भाजीचे डबे देते. मदतीला एक बाई आहेत, पण पोळ्या मीच लाटते, सकाळी साडेपाचपासून नऊपर्यंत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या खालच्या खोलीत शिरलं आणि भरलेलं सगळं धान्य-पीठ गेलं. तेव्हापासून गोण्या माळ्यावर ठेवतो. दोन महिन्यांपूर्वी अशीच एक पिठाची गोणी खाली घेताना कमरेत सणकन चमक निघाली आणि मी शिडीवरच बसले. चार दिवस कूस बदलता येत नव्हती. आता पुष्कळ कमी आहे, पण सकाळी वाकलं की धरते, आणि डाव्या मांडीच्या मागून पोटरीपर्यंत मुंग्या येतात.

एमआरआय केला. त्यात 'एल-४ एल-५ डिफ्यूज डिस्क बल्ज, डिस्क डेसिकेशन' असं काहीबाही आहे. एका डॉक्टरांनी तीन आठवडे झोपून राहा, पट्टा लावा आणि यापुढे वाकायचंच नाही, असं सांगितलं. दुसऱ्यांनी ऑपरेशनचं नाव काढलं. सासूबाई म्हणतात जमिनीवर झोप. सासरे म्हणतात दांडिया बाजारातल्या आखाड्यात जाऊन मालिश करून घे. शेजारच्या काकू पायाळू मुलीला घेऊन यायला तयार आहेत. मी बीपीची गोळी घेते, आणि सध्या मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळीही रोज एक घेते, नाहीतर लाटणं हातात धरवत नाही. हे म्हणतात धंदा बंद कर. मला तो बंद करायचा नाही. पण उद्या पाय लुळा पडला तर? आणि लहान तोंडी मोठा घास वाटेल, पण नवरात्रात गरबा खेळता येईल का?

उत्तर

ताई, धंदा बंद करू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तुमचा पाय लुळा पडण्याची भीती आज तरी दिसत नाही, आणि तुमची कंबर बरी होण्याच्या वाटेवर आहे. चार दिवस कूस न बदलता येण्यापासून दोन महिन्यांत साडेतीन तास उभ्याने पोळ्या लाटण्यापर्यंत ती आली, ही काही साधी मजल नाही. हे तुम्हाला इतक्या जणांपैकी कुणी सांगितलेलं दिसत नाही, म्हणून मी सुरुवातीलाच सांगते.

तरीही पुढचं वाचण्याआधी एक तपासणी आत्ता उभ्या उभ्या करा. भिंतीचा आधार घेऊन दहा पावलं फक्त टाचांवर चाला, मग दहा पावलं चवड्यांवर. मग खुर्चीत बसून दोन्ही पायांचे अंगठे वर उचला आणि यजमानांना ते बोटाने खाली दाबायला सांगा. डावा अंगठा उजव्याइतकाच जोर लावतोय ना? एल-४ एल-५ च्या पातळीवर जी नस सहसा दबते ती पाय आणि अंगठा वर उचलण्याचं काम करते. मुंग्या आहेत पण ताकद शाबूत आहे, याचा अर्थ नस चिडलेली आहे, तिचं काम थांबलेलं नाही. ताकदीत फरक जाणवला, चालताना पाऊल घासायला लागलं, तर मात्र याच आठवड्यात हाडांच्या किंवा मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि ही लक्षणं घरातल्या सगळ्यांना ठाऊक असू द्या: लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा सुटणं, सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तिथे बधिरपणा येणं, दोन्ही पायांतली शक्ती कमी होणं. यातलं एकही झालं तर सकाळ होण्याची वाट पाहायची नाही. एसएसजी हे सरकारी हॉस्पिटल किंवा जवळचं कुठलंही मोठं हॉस्पिटल गाठायचं, त्याच रात्री. हे फार क्वचित घडतं, पण इथे तासांचा हिशेब असतो, आणि मुख्यतः अशाच कारणासाठी ऑपरेशन तातडीचं ठरतं.

कंबरदुखीच्या आडून दुसरी दुखणीही येतात. संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारी कळ, असं असेल तर मणक्याचा टीबी आपल्या देशात आजही विसरून चालत नाही. कुशीतून जांघेकडे उतरणारी, एका जागी बसू न देणारी कळ बहुधा मुतखड्याची. वय झालेल्या बाईला नुसतं घसरून बसल्यावर पाठीत जोरात दुखू लागलं तर ठिसूळ झालेला मणका दबलेला असू शकतो. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिलं.

आता त्या रिपोर्टकडे येऊ, कारण तुमच्या कमरेपेक्षा त्या कागदानेच तुम्हाला जास्त धरून ठेवलंय असं पत्र वाचताना वाटलं.

२०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांहून जास्त माणसांचे स्कॅन त्यात पाहिले गेले. दुखत नसलेल्या या माणसांपैकी डिस्कची झीज विशीत ३७ टक्के, चाळिशीत ६८ टक्के आणि पन्नाशीत ८० टक्के जणांना होती. डिस्क बल्ज चाळिशीत निम्म्या लोकांना, पन्नाशीत ६० टक्के लोकांना. म्हणजे तुमच्या वयाच्या, कंबर ठणठणीत असलेल्या दहा बायकांना त्या मशीनमधून काढलं, तर पाच-सहा जणींच्या रिपोर्टवर तुमच्यासारखंच वाक्य छापून येईल. गोणी उचलण्याच्या आदल्या दिवशी तुमचा एमआरआय झाला असता तर त्यातही हे शब्द बहुधा असतेच.

डिस्क म्हणजे दोन मणक्यांमधली चकती. बाहेरून चिवट तंतूंचं कडं, आत पाण्याने भरलेला मऊ गर. वयाबरोबर त्यातलं पाणी कमी होतं, तेच 'डेसिकेशन'. कडं थोडं बाहेर फुगतं, तो 'बल्ज'. ही चकती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. शिंकल्याने किंवा केर काढताना ती जागची निसटून जात नाही. आणि ज्यांच्या बाबतीत आतला गर खरोखरच कडं फोडून बाहेर येतो, त्यांच्यातही पुष्कळांचा गर पुढच्या काही महिन्यांत शरीर आपणहून शोषून घेतं. तेव्हा तो कागद कपाटात ठेवा. फेकू नका, पुढे कधी लागला तर असावा. पण रोज काढून वाचू नका.

मग दुखतंय ते काय? गोणी उतरवताना कमरेच्या स्नायूंना आणि सांध्यांभोवतीच्या ऊतींना हिसका बसला. स्नायू आखडले, सूज आली, जवळची नस चिडली. त्याला आपण उसण भरली म्हणतो. ही सूज काही आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही दुखणं रेंगाळतं ते बऱ्याचदा मज्जासंस्था हळवी होऊन बसल्यामुळे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं. पोळलेली कंबर साध्या वाकण्यालाही धोका समजते आणि आधीच कळ सोडते. तुम्ही घाबरून वाकणं टाळता, न वाकल्याने कंबर आणखी आखडते, आणि पुढच्या वेळी वाकलं की ती आणखी लवकर ओरडते. अपुरी झोप, घरातली काळजी, 'पाय लुळा पडेल' ही धास्ती, यांनी ते आणखी वाढतं. दुखणं खोटं आहे किंवा मनाचं आहे, असं मी मुळीच म्हणत नाही. ते खरंच आहे. पण दुखतंय म्हणजे आत दर वेळी काहीतरी नवीन फाटतंय, असं नसतं. हे एकदा मनाला पटलं की निम्मी लढाई तिथेच होते, असं माझ्याकडे येणाऱ्या बायकांकडे पाहून मी खात्रीने सांगू शकते.

म्हणूनच तीन आठवडे झोपून राहण्याचा सल्ला मला मान्य नाही. फार दुखत असेल तेव्हा एक-दोन दिवस आराम ठीक. त्यापुढे अंथरुणावर पडून राहिलं की स्नायू सुकायला लागतात आणि बरं व्हायला जास्त वेळ लागतो. हे आता जगभर मान्य झालेलं आहे. पट्ट्याचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त काळ दुखणाऱ्यांसाठी, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पट्टे आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरण्याचा उपचार) नेहमीच्या उपचारात देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलंय, आणि व्यायाम, नीट समजावून सांगणं, काही हातांचे उपचार यांची शिफारस केली आहे. तुम्ही त्या तीन महिन्यांच्या उंबरठ्यावर आहात. पट्टा लगेच भिरकावू नका. या आठवड्यात फक्त लाटताना लावा, पुढच्या आठवड्यात त्यातलाही शेवटचा एक तासच, आणि त्यानंतर काढून ठेवा.

सासूबाईंचा जमिनीवर झोपण्याचा आग्रह प्रेमापोटी आहे, पण त्याने कंबर लवकर बरी होते असं दिसलेलं नाही. स्पेनमध्ये ३१३ जणांवर झालेल्या आणि २००३ साली छापून आलेल्या अभ्यासात अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला होता. बरी भरलेली कापसाची गादी चांगलीच. कुशीवर झोपत असाल तर दोन्ही गुडघ्यांमध्ये एक उशी घ्या. सकाळी उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा देऊन बसा. सकाळी कंबर जास्त आखडलेली असतेच. म्हणून उठल्याउठल्या वाकून पाण्याची घागर उचलणं किंवा लादी पुसणं नको. पाच-दहा मिनिटं घरात चाला, चहा ठेवा, मग कामाला लागा.

दुखण्याला उतार म्हणून गरम पाण्याची पिशवी किंवा वाळूची पुरचुंडी उत्तम. वीस मिनिटं शेका, कातडी पोळणार नाही इतपत. तेल लावून हलक्या हाताने चोळायलाही हरकत नाही. दुपारी काम आटोपलं की सतरंजीवर उताण्या पडा आणि दोन्ही पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, गुडघे काटकोनात. दहा मिनिटांत कमरेचा ताण सैल पडलेला कळेल.

गोळीबद्दल मात्र मला काळजी वाटते. तुम्ही बीपीची गोळी घेता आणि त्याबरोबर रोज दुखण्याची गोळी घेता, तीही कुणाला न विचारता. सूज कमी करणाऱ्या बहुतेक वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवतात, बीपीच्या काही औषधांचा असर कमी करतात, पोटात व्रण करू शकतात आणि मूत्रपिंडावर भार टाकतात. दोन महिने हे फार झालं. गोळीचं पाकीट घेऊन तुमच्या बीपीच्या डॉक्टरांकडे जा, बीपी मोजून घ्या आणि किडनीची रक्ततपासणी करायची का ते विचारा. लावायचं जेल किंवा मलम हा बराच सुरक्षित पर्याय आहे. नुसत्या पॅरासिटामॉलवर भिस्त ठेवण्यातही फारसा अर्थ नाही. नव्या कंबरदुखीसाठी ऑस्ट्रेलियात सोळाशेवर लोकांवर झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ती घेणारे आणि नुसती साखरेसारखी खोटी गोळी घेणारे साधारण सारख्याच वेगाने बरे झाले.

आता ओट्यापाशी येऊ. तुमचा खरा दिवस तिथे जातो, म्हणून इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पोळपाट ठेवून, लाटणं दोन्ही हातांत धरून उभ्या राहा. खांदे सैल सोडा. हात कोपरापेक्षा चार-सहा बोटं खाली असायला हवेत. लाटताना वरून खाली जोर द्यावा लागतो, म्हणून हात कोपराच्या पातळीवर असले तर तुम्ही खांदे उचलता, आणि फार खाली असले तर साडेतीन तास कमरेतून पुढे झुकता. ओटा बुटका असेल तर पोळपाटाखाली जाड लाकडी फळी टाका. उंच असेल तर स्वतः रुंद, न डगमगणाऱ्या पाटावर उभ्या राहा. दुसरं, ओट्याला अगदी पोट लावून उभ्या राहा. बहुतेक बायका पीठ लागू नये म्हणून वीतभर लांब उभ्या राहतात आणि तेवढ्या अंतरासाठी रोज वाकतात. एप्रन बांधा आणि जवळ जा.

तिसरं, एक पाय उंचावर. ओट्याखालच्या कपाटाचं दार उघडून खालच्या कप्प्यात, किंवा छोट्या स्टुलावर एक पाय ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी पाय बदला. कमरेची खालची कमान त्याने लगेच सैल होते. चौथं, तुमचा तवा कुठे आहे आणि कणीक कुठे? बऱ्याच घरांत कणकेची परात एका हाताला आणि शेगडी दुसऱ्या हाताला असते, आणि बाई पाय न हलवता कमरेतून पिळवटते. रोजच्या पावणेदोनशे पोळ्या धरल्या तर साडेतीनशे पिळे. परात पोळपाटाच्या मागे, समोर घ्या. तव्याकडे वळताना पाऊल वळवा, नुसतं धड वळवू नका.

आणि थांबा. वीस-पंचवीस पोळ्या झाल्या की लाटणं खाली ठेवा, दोन्ही हात कमरेवर घ्या आणि हलकेच पाच-सहा वेळा मागे झुका. गॅलरीपर्यंत जाऊन या. कणीक मळणं हे कमरेला लाटण्याहून जड काम आहे. ते मदतनीस बाईंना द्या किंवा मळण्याचं मशीन घ्या, पण त्या बाईंचीही कंबर आहे हे ध्यानात असू द्या. अर्धा तास तुम्ही लाटा आणि त्या भाजतील, पुढचा अर्धा तास अदलाबदल. त्यांना लाटायला शिकवण्यात पंधरा दिवस पोळ्या वाकड्यातिकड्या येतील, येऊ देत. तीन आठवडे साधारण एकतृतीयांश डबे कमी करा, मग दर आठवड्याला थोडे थोडे वाढवा. गिऱ्हाइकांना खरं कारण सांगा. इतक्या वर्षांची माणसं एवढ्याने तुटत नाहीत.

त्या गोणीचं मात्र आजच काहीतरी करा. पुराच्या भीतीने पीठ माळ्यावर चढवणं मी समजू शकते. कारेलीबागेत, समा-फतेगंजमध्ये त्या ऑगस्टनंतर कितीतरी घरांत असंच झालंय. पण शिडीवर उभं राहून डोक्याच्या वर असलेली तीस किलोची गोणी ओढायची, तीही शरीरापासून लांब धरून आणि वळत, यापेक्षा कमरेला वाईट असं काम घरात दुसरं नाही. पीठ आणलं की दुकानदाराकडूनच पाच-पाच किलोच्या पिशव्या करून घ्या. कमरेच्या उंचीवर भिंतीत एक मजबूत फळी ठोकून घ्या, रोजचं पीठ तिथे. पाणी तिथवर सहसा पोचत नाही, आणि पावसाळ्यात इशारा आलाच तर पाच किलोची पिशवी घरातलं कुणीही वर नेऊ शकतं. माळ्यावर चादरी आणि दिवाळीची भांडी राहू देत.

'पाठ ताठ ठेवा, गुडघ्यातून वाका' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण उचलण्याची अशी पद्धत नुसती शिकवून कामगारांची कंबरदुखी कमी होत नाही, असंच अभ्यासांत दिसलंय. वजन अंगाशी घ्या, घाई करू नका, वळायचं तर पायांनी वळा. एवढं पुरे. खरा फरक पडतो तो कंबर वजनाला सरावलेली असण्याने. २०१६ च्या एका आढाव्यात व्यायाम आणि माहिती दोन्ही मिळालेल्या लोकांत कंबरदुखी होण्याची शक्यता ४५ टक्क्यांनी कमी आढळली. पट्ट्यांनी आणि बुटातल्या खास तळव्यांनी काही फरक पडला नव्हता.

व्यायाम कुठले? चालणं सगळ्यात आधी. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांवरची एक चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. हे सगळे नुकतेच कंबरदुखीतून उठलेले होते. अर्ध्यांना फिजिओथेरपिस्टच्या मदतीने हळूहळू चालणं वाढवायला लावलं, आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला अर्ध्या तासापर्यंत. न चालणाऱ्यांची कंबर पुन्हा दुखायला मधल्या हिशेबाने ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांची २०८. जवळजवळ दुप्पट, आणि खर्च चपलांचा. तुमच्या घरापासून कमाटी बाग लांब नाही. सयाजीरावांनी १८७९ मध्ये लोकांसाठी उभारलेली ती बाग इतकी मोठी आणि सावलीची आहे की चालायला याहून चांगली जागा शहरात मला सुचत नाही. सकाळी तुम्ही ओट्यापाशी असता, तर संध्याकाळी जा. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. एकट्या जाऊ नका. सासूबाईंना बरोबर घ्या, त्यांच्याही गुडघ्यांना बरं.

घरी तीन गोष्टी. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा. उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर सावकाश वर उचलणं, दहा वेळा. आणि हात-गुडघ्यांवर येऊन एक हात पुढे, उलट बाजूचा पाय मागे ताणून पाचपर्यंत मोजणं, दोन्हीकडून पाच-पाच वेळा. चौथी गोष्ट ज्याला तुम्ही घाबरता तीच: वाकणं. खुर्चीत बसून हात नडगीवरून सावकाश घोट्याकडे न्या आणि परत या. आठवडाभराने तेच उभ्याने करा, गुडघे किंचित सैल सोडून. थोडं ओढल्यासारखं वाटेल, तेवढं चालतं. मुंग्यांकडे मात्र लक्ष ठेवा. व्यायाम करताना त्या पोटरीतून मांडीकडे आणि मांडीतून कमरेकडे सरकत असतील तर उत्तम, कमरेत तेवढ्यापुरतं जास्त दुखलं तरीही. उलट त्या पावलाकडे उतरत गेल्या तर तो व्यायाम आठवडाभर बाजूला ठेवा.

सासरेबुवांच्या म्हणण्यात तथ्य आहे, थोडंसं. बडोद्याच्या आखाड्यांना मोठी परंपरा आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रोफेसर माणिकरावांनी कसरतीबरोबर हाड बसवण्याची विद्याही नावारूपाला आणली. जाणत्या हाताच्या मालिशने आखडलेले स्नायू सुटतात, झोप लागते. जरूर जा. पण पायात मुंग्या असेपर्यंत कुणालाही कमरेला झटका देऊ देऊ नका, पाठीवर पाय देऊन उभं राहू देऊ नका. सासऱ्यांना म्हणावं, आखाड्याची खरी देणगी तालीम आहे, ती मी घरी सुरू केली आहे.

पायाळू मुलीचंही तेच. ताजी उसण काही दिवसांत आपणहून सुटते, आणि त्याच सुमारास पाय लावलेला असला की श्रेय त्या पायाला मिळतं. तुमची नस चिडलेली असताना कमरेवर लाथ नको, ती लहान मुलीची असली तरी. काकूंना नाराज करू नका, चहाला बोलवा. बिब्बा घालू का असं कुणी विचारलं तर मात्र ठाम नाही म्हणा. कातडी भाजते आणि आतलं दुखणं तिथेच राहतं.

ऑपरेशनबद्दल. ताकद शाबूत असताना, दोन महिन्यांत दुखणं एवढं ओसरलेलं असताना, नुसत्या बल्जसाठी ऑपरेशनचा विचारही आज करू नका. तीव्र सायटिका, म्हणजे नस दबून कमरेतून पायात उतरणारी कळ, असलेल्या २८३ रुग्णांवरचा नेदरलँड्समधला अभ्यास २००७ साली आला होता. लवकर ऑपरेशन झालेल्यांचा पाय लवकर दुखायचा थांबला, हे खरं. पण वर्षभराने पाहिलं तर लगेच ऑपरेशन केलेले आणि थांबलेले, दोन्ही गट सारखेच बरे झाले होते. पाय असह्य दुखतोय, आठवडेच्या आठवडे उतार नाही, अशांना लवकर सुटका हा मोठाच दिलासा असतो, आणि त्यांनी तो घ्यावा. तुमची गोष्ट तशी नाही. ऑपरेशनचं नाव काढणाऱ्यांना एवढंच विचारा: पायातल्या ताकदीत काही कमी दिसली का, आणि मी तीन महिने थांबले तर काय बिघडेल?

यजमानांना हे उत्तर वाचायला द्या. 'धंदा बंद कर' म्हणण्यामागे त्यांची काळजी आहे, पण त्या काळजीने पिठाच्या पिशव्या वर-खाली केल्या तर तुम्हाला जास्त उपयोग होईल.

आणि गरबा. हो, खेळा. हा लहान तोंडी मोठा घास मुळीच नाही. बडोद्यात राहून नऊ रात्री खिडकीतून ढोल ऐकत बसायला लागणं हे कमरेच्या दुखण्याहून कमी दुःखाचं नाही, हे मी जाणते. पण गरबा म्हणजे तासन् तास वाकून टाळी, गिरकी, उडी. शरीर तयार नसताना पहिल्याच रात्री उतरलात तर दुसऱ्या दिवशी डबे बंद. तयारी सहा-आठ आठवडे आधी सुरू करा. चालणं अर्ध्या तासावर आलं की घरीच गाणं लावून दोन टाळीचा सावकाश गरबा पाच मिनिटं, एक दिवसाआड. मग दहा, मग पंधरा. गिरक्या शेवटच्या दोन आठवड्यांत. पहिल्या रात्री अर्धा तासच, आणि बाहेरच्या रिंगणात, म्हणजे केव्हाही बाहेर पडता येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर थोडी बोलेल. दुपारपर्यंत ती नेहमीसारखी झाली तर त्या रात्री पुन्हा जा आणि दहा मिनिटं वाढवा. संध्याकाळपर्यंत दुखत राहिली तर एक रात्र बसून टाळ्या वाजवा आणि तिसऱ्या रात्री उतरा.